फिजिक्सच्या मास्तरांना एक दिवस चुकू द्या

नववीला धाराविद्युत चालू होतं, समांतर जोडणी. फळ्यावर आकृती काढली, सूत्र लिहिलं आणि दरवर्षी सांगतो तसं सांगितलं की घरातली सगळी उपकरणं समांतर जोडलेली असतात, म्हणून एक चालू-बंद केलं तरी दुसऱ्यावर परिणाम होत नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या शेजारी पिठाची चक्की आहे, ती सुरू झाली की आमच्या घरातला बल्ब मंद होतो. मग परिणाम होतोच की." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, व्होल्टेज कमी येत असेल, बस खाली, आणि पुढचं उदाहरण घेतलं.

व्होल्टेज कमी येतं हे खरंच आहे. पण चक्की सुरू झाल्यावरच का कमी येतं आणि मी आत्ता फळ्यावर लिहिलेल्या वाक्याचं त्यामुळे काय होतं, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. मी बीएस्सी फिजिक्सचा, सेलच्या अंतर्गत रोधाची (आतल्या अडथळ्याची) गणितं सोडवून मार्क मिळवलेले, पण ते गणित आणि ती चक्की ही एकच गोष्ट आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या मुलाचा प्रश्न पुस्तकातल्या सगळ्या स्वाध्यायांपेक्षा चांगला होता आणि मी त्याला खाली बसवलं याचं मला आजही वाईट वाटतं.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मधल्या काळात मी बरीच प्रशिक्षणं केली. तालुक्याला, जिल्ह्याला, ऑनलाइन, वरिष्ठ वेतनश्रेणीचं (ते १२ वर्षांच्या सेवेनंतर असतं), मूल्यमापनाचं, नवीन पुस्तकाचं. यातल्या एकाही प्रशिक्षणात हा प्रश्न सोडवायची संधी मिळाली नाही. कोणी मुद्दाम अडवलं असं नाही, त्या दिवसाच्या रचनेतच त्याला जागा नव्हती आणि माझं सगळं म्हणणं या रचनेबद्दल आहे.

विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण कसं असतं ते बाहेरच्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. दहाची वेळ, अकरापर्यंत नोंदणी. मग प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, प्रास्ताविक, मनोगत. पहिलं सत्र सुरू व्हायला पावणेबारा वाजतात. एका हॉलमध्ये शंभर-सव्वाशे शिक्षक, समोर पडदा, सुलभक म्हणजे प्रशिक्षण देणारे स्लाइड वाचतात. त्या स्लाइड त्यांनी बनवलेल्या नसतात, त्यांना जिल्ह्याच्या प्रशिक्षणात मिळालेल्या असतात, जिल्ह्याला राज्याकडून आलेल्या असतात. वरती पाच दिवसांचं असलेलं खाली येईपर्यंत दोन दिवसांचं होतं, आणि ज्याने मूळ विचार केला त्याच्या डोक्यात जे होतं ते तिसऱ्या हातापर्यंत पोचत नाही, फक्त मथळे पोचतात. जेवण, दुपारचं सत्र, फोटो, गूगल फॉर्म, आभार. सुलभकांना मी दोष देत नाही, ते पण माझ्यासारखेच शिक्षक असतात, आपली शाळा सोडून आलेले असतात आणि दिलेलं काम प्रामाणिकपणे करतात. ज्ञानरचनावाद हा शब्द मी अशा हॉलमध्ये बसून तास न् तास ऐकला आहे, मुलाने स्वतः करून, चुकून, पडताळून ज्ञान बांधायचं असतं हे मला भाषणातून सांगण्यात आलं, पण त्या हॉलमध्ये माझ्या हातात साधी वायर कधी कोणी दिली नाही.

आणि हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण हायस्कूलमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे सगळे भौतिकशास्त्र शिकलेले नसतात. नववी-दहावीचं फिजिक्स-केमिस्ट्री (दहावीला 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १'), ते शिकवणारे सर कदाचित झूऑलॉजीचे असतात, मॅडम बॉटनीच्या असतात, छोट्या शाळेत तर एकच विज्ञान शिक्षक, जे असेल ते त्यानेच शिकवायचं. पेशी आणि प्राणिवर्गीकरण हे लोक इतकं सुंदर शिकवतात की आपण ऐकत राहावं. पण भिंगं, गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम आलं की पुस्तकातलं वाक्य न् वाक्य धरून चालावं लागतं, कारण हात सोडला तर पडायची भीती असते. अशा शिक्षकाने सव्वाशे लोकांत उठून "मला हे कळलं नाही" म्हणायचं? पुढच्या रांगेत अधिकारी बसलेले, बाजूला आपल्याच तालुक्यातले ओळखीचे. कोणी म्हणत नाही. आणि यात आपली शिक्षकांची पण चूक आहे हे मी मान्य करतो, कोणी साधा प्रश्न विचारला की मागून हसू येतं, "एवढं पण येत नाही का सरांना". एकदा असं हसू आलं की तो माणूस आयुष्यभर प्रशिक्षणात तोंड उघडत नाही.

माझं काय म्हणणं आहे ते शेवटपर्यंत लपवत नाही, आत्ताच सांगतो. फिजिक्सच्या शिक्षकांचा प्रशिक्षणाचा दिवस हा शिक्षकांना चुकता येईल असा दिवस असला पाहिजे. हातात सामान, समोर एक प्रश्न, आधी स्वतःचं उत्तर लिहायचं, मग करून बघायचं, उत्तर चुकलं तर का चुकलं यावर भांडायचं. बाकी सगळं म्हणजे धोरण, पोर्टल, निकष, हे कागदावर पाठवता येतं, पीडीएफ आम्ही वाचतो.

हे मी हवेत बोलत नाहीये. गेल्या पावसाळ्यात आम्ही सहा जण एका शनिवारी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बसलो. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते, बारा ते चार बसायचं ठरलं. चार शाळांमधले सहा जण, दोघं झूऑलॉजीचे, एक केमिस्ट्रीचे, एक गणिताचे पण विज्ञान पण घेणारे, ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्सच्या एक मॅडम आणि मी. पत्र नाही, प्रवासभत्ता नाही, सेवापुस्तकात नोंद नाही. मॅडमनी सुरुवातीलाच एक नियम घातला, काहीही जोडायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर लिहायचं, नाव लिहायचं नाही, चिठ्ठ्या एकत्र करून मोठ्याने वाचायच्या. या एका नियमाने सगळा फरक पडला असं मला वाटतं.

पहिला प्रश्न अगदी सोपा. दोन सेल, दोन टॉर्चचे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकामागे एक. कुठला बल्ब जास्त उजळ लागेल, धन टोकाजवळचा, ऋण टोकाजवळचा, की दोन्ही सारखे? (जाता जाता सांगतो, फिलामेंटचे टॉर्चचे बल्ब आता दुकानात पटकन मिळत नाहीत, सगळीकडे एलईडी, आणि पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, उलटा जोडला तर लागतच नाही, त्यामुळे पुस्तकातले जुने प्रयोग एलईडीवर तसेच होत नाहीत. ही अडचण राज्यातल्या प्रत्येक शाळेत असणार आणि एकाही प्रशिक्षणात तिच्यावर मी चर्चा ऐकलेली नाही.) चिठ्ठ्या वाचल्या. चार जणांनी लिहिलं सारखे, दोघांनी लिहिलं धन टोकाजवळचा जास्त, कारण धारा आधी तिथे पोचते आणि थोडी तिथे खर्च होते. जोडलं. धन टोकाजवळचा बल्ब खरंच जास्त उजळ लागला.

आम्ही सगळे गप्प. "सारखे" म्हणणारे चार जण पुस्तकाच्या बाजूने होते आणि प्रयोग त्यांच्या विरुद्ध गेला होता. अशा वेळी वर्गात आपण काय करतो, तर "बल्ब खराब आहे" म्हणून सामान आवरतो, मी स्वतः असं केलेलं आहे. इथे आवरायची घाई नव्हती. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, बल्बांची अदलाबदल करून बघू. केली. आता ऋण टोकाजवळचा जास्त उजळ. म्हणजे उजळपणा जागेबरोबर राहिला नाही, बल्बबरोबर गेला. मग बल्ब हातात घेऊन त्याच्या टोपीवरचे बारीक आकडे वाचले, एकावर २.५ व्होल्ट ०.३ अँपियर, दुसऱ्यावर २.५ व्होल्ट ०.२ अँपियर. दुसऱ्याचा रोध जास्त, एकसर जोडणीत धारा दोघांतून तेवढीच, म्हणून जास्त रोधाचा जास्त उजळ. ज्या दोघांनी धारा खर्च होते असं लिहिलं होतं त्यातल्या एकांनी स्वतःहून सांगितलं की ती चिठ्ठी माझी, आणि अकरा वर्षं मी मुलांना हेच सांगत आलोय. कोणी हसलं नाही. मला वाटतं त्या क्षणी ते खोलीतले सगळ्यात धाडसी शिक्षक होते.

धारा बल्बमध्ये खर्च होते ही समजूत जगभरातल्या मुलांमध्ये आढळते, त्यात आपली मुलं किंवा आपले शिक्षक काही वेगळे नाहीत. खर्च होते ती ऊर्जा, धारा जेवढी आत जाते तेवढीच बाहेर येते. हे वाक्य सांगायला पाच सेकंद लागतात आणि सांगून ते डोक्यात बसत नाही, दोन बल्बांची अदलाबदल केल्यावर बसतं.

दुसरा प्रश्न होता तो माझा. एक बल्ब पेटलेला आहे, त्याला समांतर दुसरा जोडला तर पहिल्याचं काय होईल? तीन चिठ्ठ्या "मंद होईल, धारा वाटली जाते", तीन चिठ्ठ्या "काहीच होणार नाही". नवीन सेल लावून केलं, डोळ्याला फरक जाणवला नाही. पुस्तकवाले जिंकले. मग एका सरांनी त्यांच्या खिशातले दोन जुने सेल काढले, शाळेच्या घड्याळातून काढून टाकलेले, आणि म्हणाले याच्यावर करा. केलं. दुसरा बल्ब जोडला तसा पहिला स्पष्ट मंद झाला, तिसरा जोडला तर दोघंही आणखी मंद. मल्टिमीटर सेलच्या दोन टोकांना लावला, प्रत्येक बल्बबरोबर आकडा खाली येत होता. अर्धा तास नुसता वाद चालला. शेवटी मॅडमनी वहीत सेलच्या चौकोनाच्या आत एक छोटा रोध काढला, आणि म्हणाल्या, धारा वाढली की एवढं व्होल्टेज आतच पडतं, बाहेर उरलेलं मिळतं. नवीन सेलमध्ये हा आतला रोध कमी, जुन्यात जास्त.

आणि मला ती चक्की आठवली. डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंत येणाऱ्या तारेला पण रोध असतो. चक्कीची मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त धारा ओढते, ती धारा त्याच तारेतून येते, तारेतच व्होल्टेज पडतं, शेजारच्या घराला उरलेलं मिळतं. म्हणजे पुस्तकातलं वाक्य चूक नाही, पण त्याच्या पोटात एक अट आहे, की पुरवठ्याचा आणि तारांचा रोध नगण्य धरलेला आहे. खेड्यात ती अट रोज मोडते आणि मुलांना ती रोज दिसते. तो मुलगा बरोबर होता, पुस्तक पण बरोबर होतं, आणि या दोघांच्या मधली जागा म्हणजेच फिजिक्स, आणि ती जागा दाखवायचं माझं काम होतं. सोमवारी नववीच्या वर्गात मी सूत्राच्या आधी हाच प्रश्न विचारला, तर अर्धा वर्ग बोलायला लागला, विहिरीवरची मोटर, फ्रिज, वेल्डिंगचं दुकान, प्रत्येकाच्या घरात एक पुरावा होता.

सहा माणसं, चार तास, सामानाला दीडशेच्या आत रुपये.

आता कोणी म्हणेल ही एका शनिवारची भावनिक गोष्ट झाली. तर भौतिकशास्त्र शिकवण्यावर जगात जेवढं मोजमाप झालंय तेवढं फार थोड्या विषयांवर झालं असेल, आणि ते सगळं याच दिशेने बोट दाखवतं. १९९२ साली अमेरिकेत हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची एक चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड नाही, सूत्र नाही, साध्या भाषेतले पर्यायी प्रश्न, वर फेकलेल्या चेंडूवर कुठली बलं असतात, ट्रक आणि छोटी गाडी धडकली तर जास्त बल कोण कोणावर लावतं, असे. कठीण गणितं सोडवणारी मुलं यात चुकतात. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी असे प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना दिले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं देऊ की मला खरंच वाटतं तसं. तिथून त्यांनी व्याख्यान कमी करून मुलांना एकमेकांशी वाद घालायला लावायची पद्धत उभी केली. आणि १९९८ साली रिचर्ड हेक यांनी शाळा, कॉलेज, विद्यापीठ मिळून ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं किती शेवटी यायला लागलं, असं बघितलं तर निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के, आणि जिथे मुलं हाताने करून, बोलून, वाद घालून शिकली तिथे ४८ टक्के. दुपटीहून जास्त.

हे आकडे मुलांचे आहेत, शिक्षकांचे नाहीत, हे मला मान्य. पण वयाने मोठं झाल्यावर डोकं वेगळ्या पद्धतीने शिकायला लागतं असं मानायला मला काही कारण दिसत नाही. उलट शिक्षकाची चुकीची समजूत जास्त घट्ट असते, कारण ती त्याने वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेली असते.

आणि आपल्याच देशात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेलं आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम), १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ सरकारी शाळांमध्ये सहावी ते आठवीसाठी प्रयोगातून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला, पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. तिथे शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन आठवडे येऊन राहायचे आणि मुलांनी करायचा प्रत्येक प्रयोग आधी स्वतः टोळीत बसून करायचे. दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर जमिनीवर बसायचे, आणि प्रश्न अडला तर आम्हाला पण माहीत नाही, करून बघू, असं म्हणायचे. खेड्यातल्या शिक्षकासमोर मोठा शास्त्रज्ञ असं म्हणतो तेव्हा त्या शिक्षकाला वर्गात जाऊन तेच म्हणायचं बळ येतं. मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला सवालीराम नावाचं एक पात्र होतं, मुलं त्याला पत्रं लिहायची. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे प्रशिक्षण उन्हाळ्यात संपत नव्हतं, वर्षभर दर महिन्याला शिक्षकांची गोष्ठी व्हायची, वर्गात काय फसलं ते घेऊन लोक यायचे. तीस वर्षं हे चाललं आणि २००२ साली सरकारने बंद केलं. माझ्या मते भारतातल्या विज्ञान शिक्षणाचं ते मोठं नुकसान होतं, पण त्या तीस वर्षांमुळे एक गोष्ट पक्की झाली, साधे सरकारी शिक्षक, साधं सामान, यातून हे होतं. होत नाही असं आता कोणी म्हणू शकत नाही.

महाराष्ट्रात तर आपल्याकडे माणसांची वाण नाही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करतंय, २०१५ साली आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत झालं त्याची धुरा त्यांनीच वाहिली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी करून किती मुलांना आणि शिक्षकांना विज्ञानाला लावलं, त्यांच्या पुस्तिका मराठीत फुकट उतरवून घेता येतात. भौतिकशास्त्र शिक्षकांची देशपातळीवरची संघटना, आयएपीटी, १९८४ पासून आहे, आणि कानपूर आयआयटीत शिकवलेल्या एच. सी. वर्मांनी तिच्यामार्फत 'अन्वेषिका' म्हणजे प्रयोग करून बघायच्या केंद्रांचं जाळं उभं केलं. हे सगळं आहे. पण माझ्या तालुक्यातल्या शिक्षकाच्या प्रशिक्षणाच्या दिवसात ते येत नाही. ज्याला हौस आहे तो स्वतःच्या खर्चाने पुण्याला जाऊन बघून येतो.

गुप्तांच्या एका खेळण्याचं सांगतो, सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि इनॅमल असलेली तांब्याची तार, एवढ्यात मोटर फिरते. आमच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी केली. चौघांची फिरलीच नाही, नुसती डुलायची आणि थांबायची. कारण आम्ही तारेच्या दोन्ही टोकांचं इनॅमल सगळ्या बाजूंनी स्वच्छ खरवडलं होतं. एका टोकाचं अर्ध्याच बाजूचं खरवडायचं असतं, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात धारा जाते आणि उरलेल्या अर्ध्यात तुटते, नाहीतर त्या अर्ध्यात बल उलट फिरवायला बघतं. दहावीच्या पुस्तकात मोटरला स्प्लिट रिंग (दुभागलेली कडी) कशाला असते याचं उत्तर मी वर्षानुवर्षं लिहून देत आलोय, पण ती का लागते हे माझी मोटर डुलून थांबली तेव्हा कळलं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाच्या उपक्रमांत भाग घ्यावा. ५० तास कमी नाहीत, माझी तक्रार तासांची नाहीच. त्याच धोरणात त्याच ठिकाणी असंही लिहिलंय की हे शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार व्हावं. अंमलबजावणी होते तेव्हा ५० हा आकडा उचलला जातो, कारण तो मोजता येतो, आणि आवडीचा भाग कागदावर राहतो. मग व्हिडिओ सुरू करून पूर्ण झाल्याची टिक मिळवायची, प्रमाणपत्र उतरवायचं, ५० पैकी दोन तास झाले. आमच्या त्या चार तासांची नोंद मात्र कुठेच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वर्षातून एक मोठं संमेलन घेण्यापेक्षा त्याच दिवसाचे तुकडे करा. एका केंद्रात जवळपासच्या शाळांतले आठ-दहा विज्ञान शिक्षक, एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत, हॉलमध्ये नाही. एका दिवसाला एकच घटक, सगळं पुस्तक नाही. ज्युनियर कॉलेजचे फिजिक्सचे शिक्षक आणि हायस्कूलचे शिक्षक एकत्र बसवा, आज त्यांची प्रशिक्षणं पूर्ण वेगळी होतात आणि दोघांचं नुकसान होतं, इकडे विषयाची खोली मिळत नाही आणि तिकडे अकरावीला आलेला मुलगा दहावीपर्यंत काय समजून आलाय हे कळत नाही. अधिकारी आले तर त्यांनीही चिठ्ठी लिहावी, बाजूला उभं राहून बघू नये. मुलांच्या वह्या, चुकलेली उत्तरं घेऊन यायचं, कारण खरा प्रश्न तिथे असतो. आणि महिन्याने तेच लोक परत भेटले पाहिजेत, वर्गात करून बघितलं तेव्हा काय झालं हे सांगायला, याच्याशिवाय बाकी सगळं वाया जातं. होशंगाबादची मासिक गोष्ठी मला म्हणूनच इतकी महत्त्वाची वाटते.

वेळेचं म्हणाल तर, अध्यापक आहोत पण निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या यात किती दिवस जातात हे प्रत्येक शाळेला माहीत आहे, त्यातले चार दिवस वर्षाला या कामाला सोडले तरी पुरे. जागा तालुक्याच्या आतली हवी, संध्याकाळी पाचला घरी पोचता येईल अशी, आणि तिथे स्वच्छतागृह चांगलं हवं, कारण लांबच्या ठिकाणच्या प्रशिक्षणात मॅडम लोकांचे जे हाल होतात ते मी बघितलेत आणि कंटाळलेल्या, अवघडलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

एक आक्षेप मला ज्युनियर कॉलेजवाल्यांकडून नेहमी ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, सीईटीला फिजिक्सचे ५० प्रश्न आणि केमिस्ट्रीचे ५०, मिळून ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभर पण नाही, तिथे बल्बांची अदलाबदल कोण विचारतं? मुलं क्लासला जातात, कॉलेजात प्रॅक्टिकलपुरती येतात, बोर्डाच्या ३० मार्कांच्या प्रॅक्टिकलला जर्नल पूर्ण असलं की झालं. हे दुःख खरं आहे, आणि एका प्रशिक्षणाने परीक्षा बदलत नाही. पण ज्याला धारा खर्च होते असं वाटतं त्याला मीटर ब्रिज आणि पोटेन्शियोमीटर पाठच करावे लागतात, आणि पाठ केलेलं आकृती थोडी फिरवली की मोडतं. पाया नववीत घातला जातो, तो घालणारा माणूस झूऑलॉजीचा आहे, आणि त्याच्याशी फिजिक्सबद्दल मनमोकळं बोलायला वर्षातून एक माणूस पण मिळत नाही, हे मला परीक्षेपेक्षा मोठं कारण वाटतं.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा, की शिक्षकांवर सोडलं तर काही होणार नाही, चहा पिऊन घरी जातील. काही ठिकाणी जातीलही. पण आजच्या पद्धतीत शंभर टक्के हजेरी, शंभर टक्के फोटो आणि शंभर टक्के फॉर्म भरून माझ्यासारख्या शिक्षकाला एका मुलाच्या प्रश्नाचं उत्तर बारा वर्षं मिळालं नाही, ते नुकसान कुठल्या रकान्यात दिसतं? तपासायचंच असेल तर दिवसाच्या शेवटी त्या चिठ्ठ्या मागा, आधी काय लिहिलं होतं आणि नंतर काय. किती उत्तरं बदलली हे कुठल्याही गूगल फॉर्मपेक्षा जास्त सांगेल. मात्र त्यावर नाव नको, आणि ते कुठल्या गोपनीय अहवालात जायला नको, ज्या दिवशी जाईल त्या दिवशी सगळे परत पुस्तकातलं उत्तर लिहायला लागतील.

आम्ही आता सहाचे नऊ झालोय. पुढच्या शनिवारी भिंगं आहेत. प्रश्न ठरलाय, बहिर्गोल भिंगाचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर पडद्यावरच्या प्रतिमेचं काय होईल. चिठ्ठ्या लिहून झाल्याशिवाय कोणी भिंगाला हात लावायचा नाही. नवीन आलेल्या एका मॅडमनी ग्रुपवर विचारलं की आमच्या शाळेतल्या भिंगाची कड फुटलेली आहे, आणू का नको. मी त्यांना लिहिलं, नक्की आणा, ते सगळ्यात आधी लावून बघू.